जांभळ्या डोळ्यांचा मुलगा

वाचकहो, न वाचलेल्या पुस्तकाविषयी लिहू नये असा शिष्टसंमत संकेत आहे. तो मोडून मी हे लिहिते आहे. २०२३ चा ऑगस्ट चालू आहे आणि ज्या कादंबरीविषयी सांगायचे आहे ती ५ सप्टेंबरला अमेरिकेत प्रसिद्ध व्हायची आहे. 'द स्पिरिट बेअर्स इट्स टीथ' हे तिचे नाव. लेखक अँड्र्यू जोसेफ व्हाइट स्वतः स्वमग्न आणि पारलिंगी आहेत. प्रकाशकाने दिलेला कथापरिचय तेवढा माझ्या हाती आहे. पण नोकरी आणि घर सांभाळून रात्री पुस्तक उघडणाऱ्या तुम्हाला वाट पाहण्याची ही गोडी नवी नसेल.

स्थळ लंडन, साल १८८३. जिवंत आणि मृत यांच्यामधला पडदा विरळ झाला आहे. जांभळ्या डोळ्यांच्या माणसांना मृतांशी बोलता येते. पण तो सारा व्यवहार एका राजमान्य मंडळाच्या ताब्यात आहे. सोळा वर्षांच्या सायलस बेलचे डोळे जांभळे आहेत. मारलेल्या डुकरांवर तो शस्त्रक्रियेचा सराव करतो. जग त्याला मुलगी समजते, आणि वर्षअखेरीपूर्वी त्याचे लग्न व्हायचे आहे. पळून जाण्याचा प्रयत्न फसतो, त्याच्यावर एका गूढ रोगाचा शिक्का बसतो आणि मुलींना आज्ञाधारक पत्नी बनवणाऱ्या एका आरोग्यभवनात त्याची रवानगी होते. तेथून नाहीशा झालेल्या मुलींची भुते त्याच्याकडे मदत मागू लागतात.

१८८३ म्हटले की मराठी वाचकाला आनंदीबाई जोशी आठवणारच. त्याच साली त्या वैद्यक शिकण्यासाठी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. तुलना मी येथेच आवरते. आनंदीबाई खऱ्या आणि स्त्री होत्या, सायलस कल्पित आणि मुलगा आहे.

त्या कथापरिचयातल्या एका तपशिलाशी मी थांबले. सायलसची स्वमग्नता झाकण्यासाठी त्याला दहा वर्षे शिक्षक ठेवावे लागले आहेत. माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. लहानपणी तो बोलत नव्हता, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला बाधा झाली असे समजून देवऋषीकडे नेले. पुढे शाळेत, आनंद झाला की तो हात फडफडवी म्हणून, त्याला हात मांडीखाली दाबून बसायला लावीत. आजही आनंद झाला की तो आधी आजूबाजूला पाहतो आणि मग हात हलवतो.

आता पाहा, १८८३ मध्ये 'ऑटिझम' हा शब्दच नव्हता. ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो विसाव्या शतकाच्या आरंभी घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. मुलांविषयीचा लिओ कॅनर यांचा प्रसिद्ध निबंध १९४३ चा. कथापरिचयात आलेला शब्द कादंबरीतल्या कोणाही पात्राला उच्चारता यायचा नाही. मग लेखक काय करील? टोचणारी शिवण, अंगावर येणारा आवाज, एका विषयात तासन्‌तास बुडणे, दाबून धरलेले हात, यांतूनच सारे दिसावे लागेल. मला त्याचीच उत्सुकता आहे. आपल्या 'स्वमग्न' या शब्दातून स्वतःत बुडालेला माणूस उभा राहतो. माझा भाचा तर कोयनेपासून उजनीपर्यंतच्या धरणांचा पाणीसाठा रोज वहीत टिपतो. तो स्वतःत बुडालेला आहे असे मला कधी वाटले नाही.

अद्भुतकथेत अशी मुले नव्हती असे नाही. युरोपीय लोककथांत पऱ्या माणसाचे मूल पळवतात आणि त्याच्या जागी आपले ठेवतात. ते न हसणारे, विचित्र मूल घालवण्याचे उपायही क्रूर असतात. पुढे यंत्रमानव आले, परग्रहवासी आले. अशा मुलाला कथेत जागा मिळाली, पण माणूस म्हणून नाही. व्हाइट यांच्या २०२२ च्या पहिल्या कादंबरीत निक हा स्वमग्न तरुण नायकाच्या सोबतीला होता. आता तसा मुलगा नायक होतो आहे. जग भुताखेतांचे आहे, तो मात्र माणूसच आहे. मी कथापरिचय वाचून दाखवला तेव्हा भाच्याने एवढेच विचारले, "मावशी, शेवटी त्याला बरा करतात का?" आवाजात आशा नव्हती, संशय होता.

पारलिंगी असण्याचा धागा मला मराठीकडे घेऊन येतो. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट', सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' यांत समलिंगी प्रेम आले, ते वास्तवाच्या भूमीवर. सायलस मराठीत आला तर? इंग्रजीतला 'आय' बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. मी पहिल्याच परिच्छेदात 'लिहिते' म्हटले आणि लेखिकेचे नाव न पाहताही तुम्हाला ते कळले. सायलस मनाशी 'मी आलो' म्हणेल आणि आई विचारील, "कुठे गेली होतीस?" मायलेकांचे भांडण एका प्रत्ययात येऊन बसेल.

आणि आईसमोर त्याला लपायचे असेल तर? व्याकरणाच्या घटकातला कर्मणी प्रयोग आठवा. 'मी पुस्तक वाचले', 'मी पत्र लिहिले' : येथे क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि कर्ता झाकला जातो. 'मला भूक लागली', 'मला जायचे आहे' यांतही तसेच. भीत भीत जगणारा मराठी सायलस अशाच वाक्यांत बोलेल, 'मी जाते' किंवा 'मी जातो' म्हणण्याची वेळ टाळत राहील. आणि ज्या दिवशी तो आईच्या तोंडावर 'जातो' म्हणेल, त्या दिवशी अनुवादकाला वेगळे काही करावे लागणार नाही.

प्रत मागवून ठेवली आहे. ती आली की आधी भाच्याकडे जाईल. कोणत्याही पुस्तकाचे शेवटचे पान तो सर्वांत आधी वाचतो. एरवी मी त्यावरून त्याला रागावते.