लायडनमधील चौदा रात्री

पन्नाशी उलटलेल्या बाईनें शाळेंतून मोकळें व्हावें कीं नव्यानें शाळेंत जाऊन बसावें, हा वाद आमच्या घरांत २०२४ च्या फेब्रुवारींत चांगला आठवडाभर चालला होता. हॉलंडांतील लायडन येथें उन्हाळ्यांत भाषाशास्त्राची दोन आठवड्यांची शाळा भरते. तीस वर्षें मुलांकडून धातु घोकून घेतले. आतां ज्या भाषेचे ते धातु, तिचीं भावंडें कोण, हें एकदां जाणत्यांच्या तोंडून ऐकावें, एवढीच माझी इच्छा. यजमान म्हणाले, “जा.” धाकटे भावोजी म्हणाले, “ह्या वयांत?” जाऊबाई कांहींच म्हणाल्या नाहींत, कारण चौदा दिवसांचा स्वयंपाक त्यांच्याच माथीं येणार होता. शेवटीं देवघरांतून उठतां उठतां सासूबाईंनीं निकाल दिला: “जाऊं दे तिला. आणि तिच्या राहण्याचा खर्च माझा. परमुलुखांत बाईमाणसाला रात्रीची जागा धड हवी.” दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं आपल्या ठेवींतले चाळीस हजार रुपये माझ्या हातावर ठेविले.

ते रुपये मीं पंधरा दिवसांत घालविले.

व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो. शिवाय निदान तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा. विम्याचें काम पुतण्यानें केलें. जागा मात्र मीं हट्टानें स्वतः शोधली. ह्या वयांत, असें म्हणणाऱ्यांना मला कांहीं दाखवावयाचें होतें. लायडन हें विद्यार्थ्यांचें गांव. तेथें खोल्यांची कायमची टंचाई. जेथें टंचाई तेथें लबाडी, हें पुण्यांत जन्म काढलेल्या बाईला कळावयास हवें होतें. कालव्याकांठची खोली, भाडें इतरांच्या निम्में, मालक कामानिमित्त परदेशीं, किल्ली शेजाऱ्याकडे, आणि ‘आणखी दोघे मागत आहेत, अनामत आजच पाठवा’ अशी घाई. आज हीं लक्षणें मी पाठ म्हणून दाखवीन. तेव्हां तो गृहस्थ मला फारच सुशील वाटला. त्यानें खोलीचीं छायाचित्रें पाठविलीं, सहीचें पत्र पाठविलें. शाळेच्या कचेरीला एक ओळ लिहून विचारावें, इतकें साधें शहाणपण मला सुचलें नाहीं.

स्किपोलचा विमानतळ समुद्रसपाटीच्या खालीं आहे. पूर्वीं तेथें मोठें सरोवर होतें. वाफेच्या पंपांनीं पाणी उपसून १८५२ सालीं त्याचा तळ कोरडा केला. आपलें विमान सरोवराच्या तळाशीं उतरलें, हें सासूबाईंना सांगावयाचें असें मीं योजून ठेविलें होतें. तेथून लायडन आगगाडीनें वीसएक मिनिटें. रविवारची दुपार होती. पत्त्यावरचा क्रमांक खरा होता, दारही खरें होतें. आंत मात्र चष्म्यांचें दुकान होतें, आणि तें बंद होतें. शेजारच्या उपाहारगृहांतल्या मुलानें माझ्या हातांतला कागद पाहिला, मग मला पाहिलें, आणि “ह्या वर्षींच्या तुम्ही तिसऱ्या,” असें म्हणून बसावयास खुर्ची ओढली.

मी रडलें नाहीं. जुलैंत तेथें सूर्य रात्रीं दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळें कातरवेळेची भीतीसुद्धां उशिरां येते. ती येण्यापूर्वींच स्टेशनाजवळच्या एका हॉटेलांत मीं खोली घेतली. एका रात्रीचें भाडें आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याएवढें! मग घरीं फोन केला. सासूबाईंनीं विचारलें, “जागा मिळाली?” “मिळाली, आई.” “खिडकी आहे का ग?” “आहे. कालव्याकडे उघडते.” खिडकी स्टेशनाच्या सायकलतळाकडे उघडत होती. तेथें हजारों सायकली उभ्या होत्या. एरवीं त्यांच्याकडे पाहून मला माझ्या लहानपणचें पुणें आठवलें असतें.

खरें सांगावयाचें तर रुपये गेल्याचें दुःख त्या रात्रीं मागें पडलें. ज्या एका गोष्टीसाठीं त्यांनीं पैसे दिले तीच मीं दवडली होती, आणि वर खोटें बोललें होतें.

सोमवारीं शाळेच्या कचेरींतल्या बाईंना हकीकत सांगितली. त्यांनीं मला उपदेश केला नाहीं. दोन ठिकाणीं फोन केले, आणि सायंकाळीं मी होगलांड्से कर्क ह्या जुन्या चर्चच्या मागच्या गल्लींतील एका घरीं जाऊन पोंचलें. घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. जिना इतका उभा कीं दोर धरून चढावें लागे. माझी खोली माळ्याखालीं. खिडकी होती, पण समोर शेजाऱ्याचीं कौलें. चादरी, उशी, टॉवेल मिळतील, स्वयंपाकघर सामाईक, सहा वाजतां जेवण, भाडें दर आठवड्यास, आणि तें राहून झाल्यावर. “आधीं राहा, मग द्या,” हें वाक्य त्या अगदीं सहज बोलल्या. मला तें फार लागलें.

गांव लहान आहे, पायीं हिंडावें असें. परक्यांना थारा देण्याची त्याची सवय जुनी. १५७४ सालीं स्पॅनिश सैन्यानें त्याला वेढा घातला. गांवांत उपासमार झाली. शेवटीं बांध फोडून शेतांत पाणी सोडलें तेव्हां ३ ऑक्टोबरला शत्रू पळाला. नावांतून आलेले पांढरे पाव आणि हेरिंग मासे त्या दिवशीं वाटण्यांत आले, ते अजून दरवर्षीं वाटतात. पुढच्याच वर्षीं, १५७५ त, विद्यापीठ निघालें. मग फ्लँडर्समधले विणकर आले. इंग्लंडांतून धर्ममतासाठीं निघालेली मंडळी १६०९ पासून दहाअकरा वर्षें येथें राहून पुढें अमेरिकेस गेली. गल्लीबोळांतून मधूनच एक बुटकें दार लागतें. आंत शिरावें तों मध्यें फुलझाडांचा चौक आणि भोंवतीं बुटकीं घरें. ह्यांना ‘होफ्ये’ म्हणतात. निराधार वृद्धांसाठीं धनिकांनीं हीं बांधून ठेविलीं. आपल्या वाड्याचा चौक मला तेथें पदोपदीं आठवे. फरक इतकाच, कीं तेथें चौकांत कोणी कोणाला हांक मारीत नाहीं.

वर्गांत वीसबावीस माणसें, बहुतेक माझ्या मुलांच्या वयाचीं. येथें हेंद्रिक केर्न ह्या विद्वानानें १८६५ पासून संस्कृत शिकविलें. तो जन्मला जावा बेटांत, आणि लायडनला येण्यापूर्वीं काशीस शिकवीत होता. पण मला अधिक ओढ लागली ती एका जुन्या पानाची. कोचीनचा डच अधिकारी फान रेडे ह्यानें मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करविला. पहिला खंड १६७८ सालीं ॲम्स्टरडॅमला छापला, आणि त्यावर टिपणें लिहिलीं तीं लायडनचे प्राध्यापक आर्नोल्ड सायेन ह्यांनीं. त्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट ह्या कोंकणी बोलणाऱ्या तिघा वैद्यांची ग्वाही नागरी अक्षरांत छापलेली आहे. तिघांचें अक्षर समुद्र ओलांडून आलें, स्वतः ते आले नाहींत. त्यांनीं आपल्या सहीनिशीं जें खरें तेंच लिहून दिलें आहे. तें पान पडद्यावर पाहतांना मला रोजच्या फोनची आठवण होऊन कसेंसेंच झालें.

कारण सासूबाई रोज खिडकीची चौकशी करीत. “आज बदकें आलीं का ग?” मी बदकें आणीत असें. एक दिवस तर मीं फुलांनीं भरलेली नाव आणली.

दुसऱ्या आठवड्यांत वर्गांत ‘वस्’ धातु निघाला. आपण मुलांना ‘वस् म्हणजे राहणें’ असें सांगून पुढें जातों. गुरुजी म्हणाले, मूळ अर्थ रात्र काढणें, मुक्काम करणें. वसति, निवास, आपली वस्ती, ही सारी त्याचीच पिलावळ. आणि इंग्रजांचें ‘वॉज’, डचांचें ‘वास’, म्हणजे ‘होता’, हेंही त्याच मुळाचें. ‘उपवास’ही तोच: यज्ञाच्या आदल्या दिवशीं यज्ञकर्ता व्रतस्थ राहून अग्नीजवळ मुक्काम करी, त्या दिवसाला ‘उपवसथ’ म्हणत. उपाशी राहणें मागाहून आलें. आधीं जवळ राहणें. तीस वर्षें मीं हा शब्द फोडून दाखविला आहे, पण कधीं त्याच्यापाशीं थांबलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं, १७ जुलैला, आषाढी एकादशी होती. सकाळीं घरमालकीणबाईंनीं पाव पुढें केला. मीं सांगितलें, आज आमचा उपवास. त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. “पुआसा!” त्या म्हणाल्या. त्यांची आई जावा बेटांत जन्मलेली. १९४९ सालीं डचांनीं इंडोनेशियाचें स्वातंत्र्य मान्य केल्यावर तें कुटुंब हॉलंडांत आलें. आईच्या तोंडीं मलायी शब्द पुष्कळ. उपवासाला तिकडे ‘पुआसा’ म्हणतात, आणि तो आपल्याच ‘उपवासा’वरून गेलेला. नवऱ्याला ‘सुआमी’, बायकोला ‘इस्त्री’! आम्ही दोघी टेबलाशीं बसून तासभर असे शब्द जुळवीत होतों. दुपारीं मी वर्गांतून परत आलें तों त्यांनीं बटाटे उकडून, सालें काढून, झांकून ठेविले होते. बरोबर मीठ वेगळें आणि भाजलेले दाणे. उपवासाला काय चालतें हें सकाळीं त्यांनीं इतकें बारकाईनें कां विचारलें, तें तेव्हां कळलें.

त्या बटाट्यांपाशीं बसूनच मीं पुण्यास फोन लाविला. सासूबाईंनीं निर्जळी धरली होती. आवाज क्षीण होता. मीं सारें सांगितलें. चष्म्यांचें दुकान, हॉटेल, कौलें, बदकें. पलीकडे बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग त्या म्हणाल्या, “चाळीस हजार गेले ते गेले. ह्यांनीं एकदां ओळखीच्या माणसाला याहून जास्त दिले होते, तें मी अजून कोणाला सांगितलेलें नाहीं. पण दहा दिवस तूं मला त्या खिडकीशीं बसवून ठेविलेंस, तें कांहीं बरें नव्हे हो.” आणि थोड्या वेळानें, “बटाटे खाल्लेस का? खाऊन घे. त्या बाई उपाशी असतील.”

त्या उपाशी नव्हत्या, पण मला तसें सांगवलें नाहीं. म्हणजे आणखी एक खोटें झालेंच.

निघण्याच्या दिवशीं घरमालकीणबाईंनीं माझ्याकडून जन्मतारीख लिहून घेतली. डच लोक आप्तेष्टांच्या वाढदिवसांचें पंचांग शौचकूपाच्या भिंतीवर टांगतात. तेथें त्यांच्या नातवंडांच्या ओळींत माझें नांव लागलें. हें घरीं सांगतांना जाऊबाईंनीं हंसून पदर तोंडाला लाविला, सासूबाई मात्र गंभीरपणें म्हणाल्या, “रोज दिसतें तरी.”

दिवाळीच्या आधीं त्यांनीं आपल्या दोन जुन्या नऊवाऱ्यांची लहानशी गोधडी शिवविली. पार्सल मीं बांधलें. पत्ता त्यांनीं स्वतः लिहावयास घेतला, मी अक्षरन् अक्षर सांगत होतें. गल्लीचें नांव झालें, क्रमांक झाला. मग लेखणी थांबवून त्यांनीं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलें.

“हा तरी खरा ना ग?”