डीएपीची गोणी

झाडाची पाने पिवळी पडली की त्याला खत कमी पडते आहे, असे मी धरून चाललो होतो. आमच्या बागेचे जे नुकसान झाले ते मुख्यतः या समजुतीपायी.

पुण्याबाहेर आम्ही घर बांधले ती जागा मूळची काळ्या रानाची. पाया खणताना वरची माती खाली गाडली गेली, खालचा मुरूम आणि चुनखडीचे खडे वर आले. त्यात प्लास्टरचा राडारोडा मिसळला. यावरच थोडी लाल माती पसरून आम्ही झाडे लावली. मातीत कस उरला नव्हता हे दिसत होते. पाणी दिले की वर पापुद्रा धरायचा आणि खणताना एक गांडूळ दिसत नसे. तेव्हाच माती तपासून घ्यायला हवी होती. मी दुकानात जाऊन सगळ्यात जोरकस खत मागितले आणि डीएपीची गोणी घरी आणली.

डीएपीत 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद असते. पालाश नसतो, सेंद्रिय कर्ब तर नाहीच. शेतकरी ते पेरणीच्या वेळी मोजून देतो; मी मुठीने दिले, आणि दर हंगामात देत राहिलो. आईने गावाहून आणून लावलेल्या कागदी लिंबाची कोवळी पाने पिवळी पडू लागली, शिरा मात्र हिरव्याच होत्या. नत्र कमी असेल तर आधी खालची, जुनी पाने पिवळी पडतात. शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे झाडाला लोह मिळत नाही. झाड हे मला रोज दाखवत होते. मी युरिया दिला, मग पुन्हा डीएपी. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि स्फुरद वाढले की लोह, जस्त दोन्ही मिळणे आणखी अवघड होते. म्हणजे मी खत घालून झाडाला उपाशी ठेवत होतो.

मग रासायनिक खत सोडून शेणाकडे वळलो. तिथेही धीर धरला नाही. गोठ्यातले अर्धवट कुजलेले शेण तसेच आळ्यांत भरले आणि त्याबरोबर हुमणी आली. तिने मुळे खाल्ली हे गुलाबाचे झाड नुसते धरताच उपटून हातात आले तेव्हा कळले.

लिंबाच्या फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्यावर मी माती तपासायला नेली. प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारले, “नमुना कुठून घेतलात?”

“लिंबाच्या बुंध्याजवळून.”

“तिथं खत घातलं होतं?”

घातले होते. त्यांनी पिशवी परत दिली आणि नीट समजावले. बागेत पाच-सहा ठिकाणी व्ही आकाराचे, वीतभर खोल खड्डे घ्यायचे, त्यांच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून एकत्र करायची, सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो आणायची. अहवालात सामू 8 च्या वर निघाला, सेंद्रिय कर्ब कमी आणि स्फुरद अत्यंत जास्त. जे मातीत आधीच भरपूर होते, तेच मी विकत आणून घालत होतो.

लिंबू वाचले नाही. आईला मी कीड लागली असे सांगितले. ते खरे नव्हते.

अहवाल हातात असूनही मी बाकीच्या झाडांना लोहासाठी हिराकस थेट मातीत टाकले. चुनखडीत त्यातले लोह लगेच बांधले जाते, म्हणून ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यावे लागते. पुढे तसे दिल्यावर मोगऱ्याची नवी पाने हिरवी आली. पावसाळ्याच्या तोंडावर मोकळ्या वाफ्यांत ताग पेरतो, फुलावर येताच कापून मातीत गाडतो. पालापाचोळा जाळत नाही, आळ्यांत पसरतो. वरचा थर आता भुसभुशीत झाला आहे आणि खणताना गांडुळे दिसतात.

स्फुरद मात्र नत्रासारखे पाण्याबरोबर वाहून जात नाही, मातीला धरून बसते. लिंबाच्या बाजूच्या वाफ्यात ते अजूनही जास्त आहे. तिथे मी स्फुरदाचे कोणतेही खत न देता मेथी, वांगी, घेवडा घेत राहतो. पिके जेवढे उचलतील तेवढेच ते कमी होईल, आणि एका पिकात ते फार थोडे उचलले जाते.