घर्षण

मी घर्षण कमी करण्यावर संशोधन करतो, म्हणजे वंगणांवर. घरीही तेच धोरण: बाबांशी वाद नको म्हणून फोनवर फक्त हवापाण्याच्या गप्पा.

जानेवारीत बाबा मिनियापोलिसला आले. दोन दिवस उणे 20 सेल्सिअस होतं, ते बर्फावरून आरामात चालले. तिसऱ्या दिवशी पारा शून्याजवळ आला आणि दारातच त्यांचा पाय सटकला. मी दंड धरला म्हणून वाचले.

"काल तर घसरत नव्हतं!"

मी सांगितलं, शून्याजवळ बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. कोरड्या रस्त्यावर रबराचा घर्षणांक 0.7च्या आसपास, ओल्या बर्फावर 0.1 किंवा त्याहूनही कमी. पायाने आपण जमीन मागे ढकलतो. घर्षण आहे म्हणून पुढे जातो.

मी पायऱ्यांवर वाळू टाकू लागलो. बाबा बघत होते. मग म्हणाले, "भारतात परत येणार आहेस की नाही, ते एकदा सांग."

वर्षभर मी हाच प्रश्न चुकवत होतो. त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत भांडलो. सकाळी बाबांनीच चहा टाकला आणि पुन्हा तोच विषय काढला. या वेळी मी उठून गेलो नाही.