मोटारींतलें दहीं

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या मोटारींत दहीं सांडलें. एवढ्यावरून निबंध लिहावयास बसणें वाचकांस हास्यास्पद वाटेल. परंतु प्रश्न दह्याचा नव्हता, आमच्या आत्याबाईंचा होता.

लोणारच्या आत्याबाई आठ दिवस बुलढाण्यास आमच्याकडे राहून मुंबईस लेकीकडे निघाल्या. त्यांना मलकापूर स्टेशनावर पोहोंचविण्याचें काम आमचें. नातवासाठीं विरजलेल्या दह्याचा डबा त्यांच्या मांडीवर होता. राजूर घाटाच्या वळणांत आधीं त्यांचें पोट ढवळलें, मग डब्याचें झांकण उडालें. पुढचें सांगण्याचें कारण नाहीं. बाई मोठ्या मानी. स्टेशनावर उतरतांना आमच्याकडे न पाहतां म्हणाल्या, "बापू, येतांना मी एस्. टी.नंच येईन. तुझी गाडी नासवली मी."

त्या परत यावयाच्या आंत गाडी निर्मळ करण्याचा आम्हीं निश्चय केला, आणि लागोपाठ तीन मूर्खपणे केले. प्रथम बाजारांतली सुगंधी कुपी टांगली. दुपारच्या उन्हांत गाडीला मोगऱ्याच्या कढीचा वास सुटला. मग ऊन पाणी ओतलें. त्यानें दुधाचा अंश गादीच्या कापडांत अधिकच घट्ट बसला. शेवटीं सोडा आणि व्हिनेगर एकदम टाकले. फेंस तर असा आला कीं शेजारचीं मुलें पाहावयास जमलीं. परंतु आम्ल व खार यांनीं परस्परांसच संपविलें, वास जागच्या जागीं!

"अहो, लोणारच्या आत्या, आणि खार कसा वापरावा हें तुम्हांला सुचूं नये?" घरांतून टोला आला.

टोला रास्त होता. उल्कापातानें झालेल्या त्या विवरांतलें पाणी सोड्याच्या क्षारांनीं भरलेलें आहे. कांच आणि साबण यांचें साहित्य लोणारास मिळतें, अशी नोंद अबुल फजलानें 'ऐन-इ-अकबरी'त करून ठेविली आहे. सरोवर आतां अभयारण्य आहे, २०२० सालीं रामसर यादींतहि गेलें. तेव्हां आम्हीं वाण्याकडचा खाण्याचा सोडा आणला, हें सांगावयास नकोच.

या वेळीं घाई केली नाहीं. गार पाण्यांत बुडवून पिळलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यानें डाग टिपला. घासला नाहीं, आणि पाणी बेतानें वापरलें. आंतली गादी भिजून राहिली तर बुरशी धरते. वाळल्यावर कोरडा सोडा पसरून रात्रभर ठेविला. दह्याचा वास आम्लाचा. खार त्या आम्लालाच मारतो, अत्तर नुसतें झांकतें. सकाळीं तो झाडून काढला आणि चारहि दारें उघडीं टाकून गाडी वैशाखाच्या उन्हांत उभी केली. वऱ्हाडांतल्या उन्हाचा एवढा उपयोग आम्हांस पूर्वी ठाऊक नव्हता! व्हिनेगर उरलें होतें. तें पाण्यांत मिसळून वर्तमानपत्राच्या बोळ्यानें कांचा पुसल्या. तीन रात्री सोडा पालटला, तेव्हां कोठें वास हटला.

महिन्यानें आम्ही न कळवितांच मलकापुरास गेलों. आत्याबाईंनीं दार उघडून आंत डोकावलें, नाक जरा वर केलें, आणि कांहींएक न बोलतां पुढच्या जागेवर बसल्या. घाट लागला तेव्हां आम्हीं पाहिलें, या खेपेस मांडीवर लोणच्याची बरणी होती. आम्हीं गाडी दुसऱ्या गिअरमध्यें घेतली.