शिडाचे ठिगळ

बदलीच्या गावी राहणाऱ्या सरकारी माणसाला कालांतराने एखादे खूळ जडतेच. आमच्या कचेरीतील एक गृहस्थ येथे आल्यावर मृदंग शिकू लागले. दुसऱ्यांनी होमिओपॅथीची पेटी घेतली आणि साऱ्या वसाहतीला साबुदाण्याएवढ्या गोळ्या चारल्या. चेन्नईत चार वर्षे काढल्यावर आम्हांस जडलेले खूळ जरा निराळे आहे. आम्ही होडीची शिडे शिवण्यास शिकत आहो.

हे ऐकून आमचे साताऱ्याकडील आप्त पोट धरून हसतील. आमच्या घराण्यात कृष्णेच्या डोहापलीकडचे पाणी कोणी पाहिलेले नाही. आंग्र्यांच्या आरमाराचा अभिमान आम्ही शाळेपासून बाळगला खरा. परंतु त्या आरमाराची शिडे कोणी शिवली आणि कशी शिवली, असा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही. अभिमानाला असले प्रश्न पडत नसतात.

या शहरात मात्र शिडाची ओळख जुनी आहे. येथील कोळी 'कट्टुमरम' घेऊन समुद्रात उतरत. कट्टुमरम म्हणजे दोरांनी एकत्र बांधलेले ओंडके; याच शब्दाचा इंग्रजांनी 'कॅटमरान' केला. हौशी लोकांचा रॉयल मद्रास यॉट क्लब १९११ सालचा. आता कोळ्यांच्या नावांना यंत्रे बसली आहेत आणि शिडे राहिली आहेत ती बहुतेक हौशी लोकांकडे व शिकणाऱ्या मुलांकडे. आमची दहा वर्षांची कन्या अशा मुलांपैकी एक. ती ज्या होडीत बसते तिचे नाव 'ऑप्टिमिस्ट'. १९४७ साली फ्लॉरिडातील क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी तिचा आराखडा केला. लांबी जेमतेम पावणेआठ फूट, नाक बोथट. दुरून पाहिल्यास एखादी पेटी पाण्यावर सोडून दिल्यासारखी वाटते.

कन्येसाठी आम्ही एक जुने शीड विकत घेतले. नव्याची किंमत ऐकून आम्ही महागाईभत्त्याचे गणित दोनदा मांडले होते. जुन्याचे टाके उसवत चालले होते. म्हणून चौकशी करीत आम्ही एका वृद्ध कारागिराच्या दारी पोहोचलो. त्यांनी तरुणपणी कट्टुमरमची सुती शिडे शिवली, पुढे तंबू व ताडपत्र्या शिवल्या. आम्ही त्यांना 'अय्या' म्हणतो, ते आम्हांस 'सार' म्हणतात, आणि कन्या त्यांना सरळ 'तात्ता' म्हणजे आजोबा म्हणते. पहिल्याच दिवशी ते बोट रोखून 'पाय, पाय' म्हणू लागले, तेव्हा आम्ही ओशाळून चपला काढल्या. तमिळमध्ये पाय म्हणजे शीड, आणि चटईसुद्धा पायच, हे मागाहून कळले.

आमची समजूत अशी होती की शीड म्हणजे काठीला बांधलेली चादर. अय्यांनी कापडाच्या दोन पट्ट्या जमिनीवर पसरल्या. एकीची कड सरळ होती, दुसरीची किंचित बाहेर फुगलेली. दोन्ही कडा जुळवून शिवल्या तेव्हा सपाट कापडाला आपोआप पोट आले. पक्ष्याच्या पंखासारखा हा बाक असतो म्हणूनच शिडावरून वाहणारा वारा वळतो आणि होडी वाऱ्याच्या रोखाकडेही तिरपी चढू शकते. जन्मभर फुटपट्टीने सरळ रेघा ओढणाऱ्या कारकुनाला हे ऐकून थोडे वाईट वाटले. आमच्या हातची सरळ रेघ साऱ्या कचेरीत नावाजलेली आहे.

हळूहळू हत्यारे हातात बसली. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधायचा; त्यात धातूची चकती असते, तिने सुई रेटायची. सुईचे टोक तिधारी, दोरा मेण लावलेला. शिडाचे आजचे कापड पॉलिएस्टरचे. ते पावसाने कुजत नाही, पण उन्हाने झिजते, आणि कापडाच्या आधी बहुधा दोराच जातो. म्हणून समुद्रावरून आल्यावर शीड गोड्या पाण्याने धुवावे, सावलीत वाळवावे, आणि दरवेळी त्याच घडीवर दुमडू नये.

एका रविवारी शिडाची मागची कड फाटली. अय्या गावाला गेले होते. आम्ही स्वतःच ठिगळ लावले. कापड दुहेरी घेतले, चारी कोपरे काटकोनात कापले, तीन-तीन ओळी टाके घातले. प्रकरणावर चार अधिकाऱ्यांच्या सह्या झाल्या की निर्धास्त व्हावे, तसे आम्ही निर्धास्त झालो.

दुपारी समुद्रवारा सुटला. किनाऱ्यावरून पाहताना मुलांच्या शिडांची रांग दिसत होती. त्यांतले एक एकाएकी फडफडू लागले. ते कोणाचे, हे आम्हांस आकडा वाचण्याआधीच समजले. होडी आडवी झाली. शिक्षकांची नाव तिच्यापर्यंत पोहोचेतो जो काळ गेला तो घड्याळात फारच थोडा होता. कन्या भिजून, थरथरत परत आली आणि म्हणाली, "बाबा, तुमची शिवण नाही फाटली."

खरेच, फाटली नव्हती. ठिगळ जसेच्या तसे होते. त्याच्या काठाला लागून जुने कापड हातभर चिरले होते. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमच्या भक्कमपणाने मुलीला पाण्यात पाडले होते.

अय्या परतल्यावर आम्ही शीड त्यांच्यापुढे ठेवले. ते रागावले नाहीत. कापड दोन्ही हातांत धरून त्यांनी तिरपे ताणले. ते थोडे वाढले. मग आमचे ठिगळ ताणले; ते जराही हलले नाही. त्यांचे म्हणणे असे, की ठिगळ मूळ कापडाइतकेच बळकट असावे, अधिक नव्हे. कापड सैलावेल तेव्हा त्यानेही सैलावावे. नाही तर सारा ताण शेजारच्या धाग्यांवर पडतो. त्यांनी ठिगळाचे कोपरे गोल कापायला लावले आणि माशाच्या काट्यासारखा तिरपा टाका शिकवला. सरळ टाका ताणाखाली तुटतो, तिरपा ताणाबरोबर जातो.

आम्ही ते काम तीन वेळा उसवले. चार वर्षांत या गावाशीही आम्ही सरळ टाक्यानेच जोडलेले होतो, हे उसवताना ध्यानात आले. आपले मंडळ, आपला गणपती, आपले पोहे. सारे घट्ट, आणि शेजाऱ्याच्या भाषेचे दहा शब्ददेखील नाहीत. आता आमची बदली नागपूरला झाली आहे. तेथे समुद्र नाही.

चौथ्या वेळी अय्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "परवायिल्लै." या शब्दाचा अर्थ 'असू द्या' असाही होतो आणि 'बरे जमले' असाही. त्यांच्या मनात कोणता होता, हे आम्ही विचारले नाही. आमच्या कानाला मात्र त्यात आपली 'पर्वा' आणि त्यांचे 'इल्लै' एकमेकांस तिरप्या टाक्याने जोडलेले ऐकू आले. पुढच्या रविवारी ते शीड घेऊन कन्या समुद्रात गेली, आणि आम्ही किनाऱ्यावर, ती परत येईपर्यंत, उभेच होतो.