पांढऱ्या रश्शासोबत बारोलो

तांबड्या रश्शाबरोबर जुनी इटालियन रेड वाईन पिऊ नये. कोल्हापूरच्या माणसाला हे ऐकायला आवडत नाही, पण कारण साधं आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या संवेदकांना चेतवतं, त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं. चौदा टक्के अल्कोहोलची वाईन तिखटावर पडली की जाळ वाढतो, वाईनमधला तुरटपणा कडू लागतो, आणि पंधरा वर्षं बाटलीत घडत आलेला गंध नाकापर्यंत पोहोचतच नाही. संकेश्वरी मिरची आणि कांदा-लसूण चटणीचा तो रस्सा आपल्या जागी थोर आहे. त्याला सोबत ताकाची द्यावी.

पांढऱ्या रश्शाची गोष्ट मात्र वेगळी. माझा व्यवसाय वाईन चाखण्याचा आणि हॉटेलांना वाईनच्या याद्या करून देण्याचा. या कामात मी इटलीच्या जुन्या रेड वाईन चीजबरोबर, पास्त्याबरोबर, भाजलेल्या मांसाबरोबर प्यालो आहे. तरी जुन्या बारोलोला मटणाच्या अळणीइतकी आणि त्यातून होणाऱ्या पांढऱ्या रश्शाइतकी चांगली जोड मला क्वचितच मिळाली. गेल्या वर्षी दिवाळी सरता सरता गगनबावड्याला झालेल्या एका जेवणात याची खात्री पटली.

जेवण एका शेतकरी मित्राकडे होतं. भाताची कापणी निम्मी झालेली, पाऊस पूर्ण थांबलेला, आणि रात्री घाटमाथ्यावरचा गारठा उतरू लागलेला. वाईनच्या दृष्टीने गगनबावड्याचा हा सर्वांत चांगला काळ. पुस्तकांत रेड वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी असं लिहिलेलं असतं, पण ती खोली युरोपातली, सोळा ते अठरा अंशांची. आपल्याकडे मे महिन्यातल्या खोलीत तीच वाईन दिली तर आधी अल्कोहोलच नाकात शिरतं. त्या रात्री पडवीतलं तापमान जवळजवळ हवं तेवढंच होतं.

बाटल्या तीन होत्या. पिएमॉन्ते प्रांतातल्या सेर्रालुंगा दाल्बा गावची 2010ची बारोलो, टस्कनीतली 2010ची ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो, आणि आपल्या अकलूजची एक जुनी सेत्ते. पहिल्या दोन बाटल्या यजमानांच्या भाच्याने आणलेल्या. तो तुरीनला नोकरीला आहे. परदेशातून येताना दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, त्यात या दोन बाटल्या सहज बसतात. एरवी आयात वाईनवर वर्षानुवर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलं, त्यामुळे असल्या बाटल्या इकडे हौशी माणसालाही परवडत नाहीत. सगळे मुक्कामीच असल्याने रात्री कुणाला गाडी चालवायची नव्हती.

या बाटल्या मी आठवडाभर आधीच पोहोचत्या केल्या होत्या. जुन्या रेडच्या तळाशी गाळ असतो. कळे गावावरून येणाऱ्या रस्त्यावर गाडी जितकी हलते तितका तो गाळ ढवळला जातो, आणि पुन्हा बसायला त्याला काही दिवस लागतात. आल्यावर बाटल्या माजघरातल्या थंड कोपऱ्यात आडव्या ठेवल्या आणि जेवणाच्या आदल्या दिवशी उभ्या केल्या. जुनं बूच भुसभुशीत होतं, स्क्रू घातला की मधून तुटतं. म्हणून दोन पातळ पात्यांचा चिमटा बुचाच्या कडेने खाली सरकवून ते हळू फिरवत वर काढलं. मग बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून वाईन एका धारेत काचेच्या सुरईत ओतली. मानेपाशी गाळाची काळी रेघ दिसली की थांबायचं. तळाशी राहिलेल्या दोन घोटांचा मोह धरू नये.

हा गाळ म्हणजे खराबी नव्हे, ते वाईनचं वय आहे. द्राक्षाच्या सालीतून दोन गोष्टी वाईनमध्ये उतरतात, रंग देणारी अँथोसायनिन आणि तुरटपणा देणारी टॅनिन. बुचातून वर्षानुवर्षे अगदी किंचित प्राणवायू आत झिरपत राहतो. त्या काळात रंगद्रव्यं आणि टॅनिन एकमेकांना धरून लांब साखळ्या बनवतात, आणि फार जड झालेल्या साखळ्या खाली बसतात. जितकं खाली बसलं तितका रंग फिका होतो आणि तुरटपणा मवाळ. तरुण वाईनमधला ताज्या फळाचा वास त्याच वेळी ओसरतो आणि दुसरेच वास उमलतात. पण हे होईपर्यंत वाईन टिकायला हवी, आणि टिकायला आम्लता लागते. जगातली बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत प्यायच्याच लायकीची असते. ठेवून दिली म्हणून ती मोठी होत नाही, नुसती म्हातारी होते.

इटलीतल्या ज्या थोड्या जाती मोठ्या होतात, त्यांत नेब्बिओलो मला सर्वांत प्रिय. बारोलो फक्त याच द्राक्षाची होते. विक्रीला काढण्याआधी ती किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. रिझेर्व्हा म्हणायचं असेल तर 62 महिने. नेब्बिओलोच्या सालीत रंग कमी आणि टॅनिन अफाट. त्यामुळे ती तरुणपणीही गडद दिसत नाही, आणि दहा वर्षांत विटकरी होते. अनोळखी माणूस ग्लासकडे बघून तिला पातळ समजतो आणि पहिल्या घोटाला चकित होतो. त्यातही सेर्रालुंगाच्या टेकड्यांवरची बारोलो कठोर म्हणून ओळखली जाते. जवळच्या ला मोर्राची त्या मानाने लवकर मऊ होते. तेव्हा सेर्रालुंगाच्या बाटलीला चौदा-पंधरा वर्षं हे काही फार वय नव्हे.

पहिल्यांदा आम्ही ती नुसतीच चाखली. वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि डांबर, हे नेब्बिओलोचे नेहमीचे वास सापडले. त्यांच्यामागे आणखी काहीतरी होतं. आमच्यातले निवृत्त गुरुजी आयुष्यात पहिल्यांदाच अशी वाईन पीत होते. ग्लास नाकाशी धरून ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "हा वास तर पळसंब्याच्या रामलिंगापाशी येतो की ओ! श्रावणात. ओढ्याकाठी पाचोळा कुजतोय आणि त्यात अळंबी उगवल्यात, तसला." जुन्या नेब्बिओलोचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या व्यावसायिक परीक्षकाकडून ऐकलेलं नाही. वाईन समजायला ब्लॅकबेरी आणि ट्रफल माहीत असावं लागतं, या समजामुळे आपल्याकडची माणसं उगाच बिचकतात. जिथे पावसाळ्यात कातळावर शेवाळ चढतं आणि कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथल्या माणसाच्या नाकाला ओली माती, कुजका पाला, कमावलेलं कातडं यातलं काहीच नवं नाही. त्याने फक्त निर्भयपणे नाव घ्यावं.

पण घोट गिळल्यावर गुरुजींचं तोंड आवळलं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, त्यामुळे जीभ कोरडी पडते. इथे वहिनींची अळणी आली. मटण शिजवलेलं ते साधं पाणी, मीठ-हळद, आल्या-लसणाचा वास, वर तुपासारखी तवंग धरलेली चरबी. घोटभर अळणी आणि वर घोटभर बारोलो. टॅनिनना आता लाळेऐवजी मटणाची प्रथिनं मिळतात, चरबी जिभेवर पातळ थर धरते, आणि मघाशी आवळणारी वाईन एकदम गोलाईने उतरते. पिएमॉन्तेचे लोक उकडलेल्या मांसाच्या पदार्थांबरोबर आपली वाईन पितात, त्यामागे हेच आहे.

मग पांढरा रस्सा. त्याच अळणीत नारळाचं दूध, खसखस, तीळ आणि काजूचं वाटण, वेलची, दालचिनी, लवंग. वहिनींनी हिरवी मिरची जवळजवळ वगळली होती आणि पांढरी मिरी थोडी वाढवली होती. आधी त्या तयार नव्हत्या. "भावजी, बिनतिखटाचा रस्सा पाहुण्यांपुढं ठेवायचा होय?" असं विचारत होत्या. पण चव घेतल्यावर त्यांनीच पुन्हा वाढलं. नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा आणि बारोलोची आम्लता एकमेकांना तोलतात. रस्सा जड होत नाही आणि वाईन आंबट लागत नाही. दालचिनी-लवंग वाईनमधल्या मसाल्याच्या छटेला ओळख देतात. शेवटी तोंडात उरतो तो भाजलेल्या तिळाचा आणि सुकलेल्या गुलाबाचा स्वाद, दोन्ही एकत्र. एक सूचना आवर्जून करतो. रश्शात साखर घालू नये. गोड पदार्थावर कोरडी वाईन कडू लागते.

ब्रुनेल्लोला आम्ही सुक्क्या मटणाबरोबर बसवलं. मोंताल्चिनोच्या डोंगरावरचं हे सांजोव्हेझे द्राक्ष. तिथल्या बियोंदी-सांती घराण्यातल्या फेर्रुच्चोने 1888 सालच्या हंगामात निव्वळ या एका द्राक्षाची, मुरवून टिकणारी वाईन बाटलीत भरली, आणि आजच्या ब्रुनेल्लोची वाट तिथून सुरू झाली. 2010चा हंगाम नियमानुसार 1 जानेवारी 2015पर्यंत बाजारात येऊच शकत नव्हता. आमच्या बाटलीत सुकलेली चेरी, चिंच, तंबाखूचं पान असे वास होते आणि आम्लता अजून खणखणीत. सुक्क्यातल्या खोबऱ्याला ती आवडली, चटणीला नाही. ठीक जेवण झालं, अळणीसारखं नाही.

मला खरी उत्सुकता होती तिसऱ्या बाटलीची. अकलूजची फ्रातेल्ली वायनरी भावांच्या तीन जोड्यांनी मिळून उभी केली, अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची. वाईन घडवायला टस्कनीचे पिएरो मासी आले. हे सगळे मिळून सात जण, म्हणून वाईनचं नाव सेत्ते, इटालियनमध्ये सात. सांजोव्हेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांचं हे मिश्रण. या जोडीला टस्कनीत प्रतिष्ठा दिली ती 1970च्या दशकात अँटिनोरी घराण्याच्या तिन्यानेल्लोने. म्हणजे माळशिरस तालुक्यातल्या मातीत कियांतीच्या टेकड्यांवरचं द्राक्ष आणि तिथलीच कल्पना रुजली. हे काही लहान काम नव्हे.

सेत्ते त्या रात्री कशी लागली? रंग दोघींपेक्षा गडद, काबर्नेमुळे. वास जांभळाचा, आमसुलाचा, थोडा जुन्या लाकडाचा. टॅनिन छान मऊ झालेले. सुक्क्या मटणाबरोबर तर ब्रुनेल्लोपेक्षा ती सरस ठरली, कारण तिच्यातलं पिकलं फळ मसाल्याला पुरून उरलं. पण शेवट लवकर झाला. बारोलोचा घोट गिळल्यावर चव मिनिटभर रेंगाळत होती, सेत्तेची तेवढी नाही. ती तिच्या उंचीला पोहोचलेली होती आणि आणखी पाच वर्षांनी खालीच आली असती.

यात वायनरीचा दोष नाही, यामागे पंचांग आहे. बारोलोच्या लांगे टेकड्यांवर वेलाची छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात होते, आणि नेब्बिओलो ऑक्टोबरात पिकतो, दिवस थंड होत असताना. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. घड जानेवारी ते मार्चमध्ये तयार होतात, म्हणजे दिवस तापत जाताना. उष्णता वाढली की मण्यातलं मॅलिक आम्ल झपाट्याने जळतं आणि साखर पुढे पळते. सालीतले टॅनिन पिकेपर्यंत थांबावं तर आम्लता जाते, आम्लता राखायला लवकर तोडावं तर टॅनिन हिरवट राहतात. या कात्रीतून अकलूजने जे साधलं आहे, त्याचं मोल टस्कनीच्या मोजपट्टीने करणं अन्यायाचं आहे.

साठवण हा दुसरा अडथळा, आणि तो मात्र आपल्या हातात आहे. वाईनला बारा ते चौदा अंश, अंधार, थोडा दमटपणा आणि स्थिरता लागते. गगनबावड्याच्या दमट हवेत बूच सुकत नाही, लेबलला बुरशी धरते एवढंच. पण उन्हाळा आणि चढउतार तिथेही आहेतच. तापमान वरखाली झालं की द्रव फुगतो-आकसतो, बूच सैल होतं आणि हवा आत जाते. घरच्या फ्रिजमध्ये वर्षानुवर्षे ठेवणंही बरं नाही, तिथली कोरडी हवा बूच सुकवते. छोटं वाईन-कपाट नसेल तर दगडी भिंतीच्या घरातली सर्वांत आतली खोली निवडावी आणि एका उन्हाळ्यापलीकडे भरवसा ठेवू नये.

आपल्या वाईन उद्योगाला 2001च्या राज्याच्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने चालना दिली. विंचूरला आणि कोल्हापूरपासून जवळच, पलूसला, वाईन पार्क आले. पण या पाव शतकात आपण जुन्या मराठी वाईनचा साठा जवळजवळ केलाच नाही. जे झालं ते विकलं. त्यामुळे कुठली बाग, कुठला हंगाम, कुठलं मिश्रण दहा वर्षं टिकतं, हे सांगायला पुरावाच नाही. बारोलोच्या गावांकडे हा पुरावा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. त्यांचं मोठेपण मातीइतकंच तळघरांत आहे.

म्हणून अकलूज, नाशिक आणि पलूसच्या वायनरींना माझी विनंती आहे. चांगल्या हंगामातल्या सर्वोत्तम रेडच्या निदान पन्नास पेट्या थंड तळघरात दहा वर्षांसाठी बाजूला ठेवा आणि दर दोन वर्षांनी त्यातली एक उघडून टिपण लिहा. आणि वाचकांनी या दिवाळीत एक चांगली मराठी रेड घ्यावी, ती सोळा अंशांना आणावी, आणि मटण शिजलं की तिखट पडण्याआधी वाटीभर अळणी बाजूला काढून तिच्याबरोबर प्यावी.