सात किलोंची बॅग आणि बर्फातली बोट

आमच्या घरात सामान बांधणं हे माझं खातं. चार दिवस कोल्हापूरला जायचं असलं तरी दोन बॅगा, एक पिशवी, आणि शिवाय “असू दे, लागलं तर” म्हणून एक जादा शाल! त्यामुळे फेब्रुवारीत नॉर्वेच्या बोटीवर जायचं ठरलं, तेव्हा माळ्यावरची मोठी सूटकेस मीच पहिल्यांदा काढली. आणि दुसऱ्या दिवशी मीच परत वर टाकली.

कारण साधं होतं. ह्यांची बायपास होऊन आठ महिने झाले होते. डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला, पण जड काही उचलायचं नाही, ही अट घातली. आता नवरा म्हटला की स्टेशनावर त्याचा हात आपोआप सामानाकडे जातो. तिथे “अहो, नका” म्हणत बसण्यापेक्षा जड सामानच नको, असं मी ठरवलं. दोघांच्या मिळून दोनच बॅगा, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावतील अशा, आणि वेळ पडली तर दोन्ही मला एकटीला उचलता येतील एवढ्याच वजनाच्या.

ही बोट म्हणजे चैनीचा तरंगता महाल नव्हे बरं का. नॉर्वेच्या किनाऱ्याने बर्गनपासून पार रशियाच्या सरहद्दीजवळच्या किर्केनेसपर्यंत या बोटी जातात. १८९३ साली रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने ही सेवा सुरू केली. वाटेत चौतीस बंदरं लागतात. कुठे पंधरा मिनिटं थांबायचं, कुठे तीन-चार तास. माल चढतो, गावातली माणसं चढतात-उतरतात. आपल्या एस.टी.सारखंच! जेवायला नटून येण्याचा दंडक नाही, म्हणजे भारी कपड्यांचा प्रश्नच मिटला.

राहिला थंडीचा. आपला समज असा की थंडी जास्त, तर कपडे जास्त. पण ऑस्लोला राहणाऱ्या लेकीने फोनवर माझी शिकवणी घेतली. “आई, जाड कोट एकच, आणि आत पापुद्रे!” अंगाला चिकटून पातळ लोकरीचे कपडे, त्यावर स्वेटर, आणि सगळ्यांत वर वारा-पाणी अडवणारा कोट. आत सुती काही घालायचं नाही. सूत घाम पितं, लवकर वाळत नाही आणि मग अंगावरच गार पडतं. लोकरीचं तसं होत नाही, शिवाय तिला वासही लवकर येत नाही. रात्री खुर्चीच्या पाठीवर टाकली की सकाळी पुन्हा घालायला तयार. म्हणून सहा दिवसांच्या बोटीला आतल्या कपड्यांचे दोनच जोड पुरतात, एक अंगावर आणि एक बॅगेत. आमच्या बोटीवर कपडे धुण्याचं यंत्रही होतं. मी ते एकदाच लावलं.

दुसरी युक्ती अशी की जे जड, ते अंगावर. बूट, कोट आणि जाड स्वेटर घालूनच मी विमानात चढले. मुंबईच्या उकाड्यात लोक वळून वळून बघत होते, बघोत बापडे! कोटाच्या खिशात टोपी, मफलर, हातमोजे. बॅगेचं वजन घरच्याच काट्यावर केलं. आधी आपण एकटीने उभं राहायचं, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी. आमच्या विमान कंपनीची मर्यादा सात किलोंची होती. प्रत्येकीची वेगळी असते, तेव्हा तिकिटावर पाहून घ्या.

खाण्याच्या बाबतीत मात्र जिवावर आलं. लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही, तेलकट-पातळ सगळं शंभर मिलिलिटरच्या हिशोबात धरतात. तूप नि पेढे तर नॉर्वेत आपल्याकडून नेताच येत नाहीत. दूधदुभत्याला बंदी आहे. मग मेतकूट, लसणीची कोरडी चटणी आणि बाकरवडी एवढ्यावर भागवलं. ह्यांच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि फोनचे चार्जर मात्र माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये, काही झालं तरी हातावेगळे करायचे नाहीत.

आणि साडी? चौतीस वर्षं मी साडीच नेसत आले. एक तलम रेशमी साडी मी बॅगेत तीनदा घातली आणि तीनदा काढली. वजन फार नव्हतं, अर्धा किलोदेखील नाही. पण तिच्याबरोबर परकर आला, ब्लाऊज आला, चपला आल्या. “लागलं तर” हे असंच वाढत जातं. शेवटी साडी कपाटात ठेवली आणि दोन विजारी घेतल्या. विमानतळावर काचेत स्वतःला पाहिलं तेव्हा क्षणभर ओळखलंच नाही!

बर्गनला उतरलो तेव्हा पाऊस आणि बर्फाचा चिखल असा मिळून रबडा झाला होता. ट्रामने गावात आलो आणि धक्क्यापर्यंत पायी निघालो. पुढे एक जोडपं भली मोठी सूटकेस ओढत होतं; तिची चाकं त्या रबड्यात रुतली आणि दोघं मिळून ती उचलू लागले. ह्यांचा हात सवयीने माझ्या बॅगेकडे आला. मी काही बोलले नाही, नुसती बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. तेही काही बोलले नाहीत. ऑपरेशननंतर एकमेकांना सांभाळताना आम्ही दोघंही उगीच चिडायचो. त्या दिवशी चिडलो नाही.

बोटीत सगळीकडे ऊब असते. थंडी भेटते ती डेकवर, आणि खरा बोचतो तो वारा. तसा समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे हा किनारा हिवाळ्यातही गोठत नाही. ट्रॉम्सोला उणे चार होतं, किर्केनेसला मात्र उणे अठरा! ह्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं की गार वाऱ्यात नाक-तोंड झाकून चालायचं आणि जेवण झाल्याबरोबर बाहेर पडायचं नाही. मफलर त्यासाठीच कामी आला. आर्क्टिक वृत्त ओलांडल्यावर समुद्रदेवाच्या नावाने प्रवाशांच्या मानेवरून बर्फ आत टाकतात. ह्यांनी हात जोडले, मी मात्र कॉलर पुढे केली. पापुद्रे होते म्हणून काय झालं, ओरडले ती ओरडलेच!

एका रात्री हिरवा उजेड आकाशात सरकू लागला, तेव्हा तीन मिनिटांत आम्ही दोघं कोट चढवून डेकवर होतो. काय घालायचं हे शोधावंच लागलं नाही.

चुकलं काय, तेही सांगते. छत्री नेली, ती तिथल्या वाऱ्यापुढे एकदाही उघडली नाही. आणि हातमोज्यांचा एकच जोड नेला, त्यातला डावा होनिंग्सवागला वाऱ्याने समुद्रात नेला. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मी तिथेच घेतले, घसरड्या बर्फावर त्यांच्याशिवाय पाऊल टाकू नये. पण मोज्यांचे दुकान उघडायला वेळ होता आणि बोट सुटायची होती. मग उरलेला प्रवास ह्यांचा डावा मोजा मी घातला आणि ह्यांचा तो हात माझ्या कोटाच्या खिशात राहिला.